मी नाई मारलं

चार वर्षांचा प्रज्वल अंगणवाडीत हाती लागेल त्याला चावायचा. "पोराले मारू नका, त्याच्याशी बोला," असं पालकवर्गातल्या ताईंनी सांगितलं, तेव्हा त्याची आई मंजुषा सहा महिने शेतातली कामं टाकून दर मंगळवारी त्या वर्गाला गेली. आधी तिचा स्वतःचा हात थांबला, मग हळूहळू पोराचं चावणंही.

काल प्रज्वल फुटलेला ओठ घेऊन घरी आला. "आई, शेजारच्या दादानं मले ढकललं. पण मी नाई मारलं त्याले!"

मंजुषाचे डोळे भरून आले. तिनं त्याला पोटाशी धरलं.

त्याचा बाप लखन ओट्यावरून ऐकत होता. "मार खाऊन आला, अन् वरून सांगून राह्यला?"



त्यानं अंगणातला एक दगड पोराच्या मुठीत दिला, अन् बोट धरून त्याला शेजारच्या दाराकडे घेऊन गेला.