परतीचं पाकीट

संपादक महोदय, आमचं मासिक बंद केलं, म्हणून ही भयकथा तुमच्याकडे पाठवतेय. शंभरच शब्द आहेत, शीर्षक सोडून, मोजून घ्या. आवडली तर छापा, नाही आवडली तर खुशाल फाडून टाका, पण परत मात्र पाठवू नका. नियमाप्रमाणे साहित्यासोबत आपला पत्ता घातलेलं परतीचं पाकीट जोडायला हवं, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते मुद्दामच जोडलेलं नाही. का, ते वाचल्यावर कळेल. तुमची, एके काळची संपादिका.

आकाशापलीकडच्या भयाच्या कथा-कविता छापणारं छोटं मासिक आम्ही नवराबायको घरूनच काढायचो. एकदा एक कविता आली: ताऱ्यांमागे काहीतरी प्रचंड आहे आणि त्याला आता इथे जागा मिळाली आहे. मी चिठ्ठीवर 'भीती वाटली नाही' एवढंच लिहून ती कवितेसकट कवीच्या परतीच्या पाकिटात घातली. पाकिटावरचा पत्ता वाचून हसूच आलं. आमचंच घर, तिसरा मजला! आम्ही दुसऱ्यावर राहतो, जिना आमच्या दाराशी संपतो, डोक्यावर फक्त पत्रा. 'आगाऊ मेला,' म्हणत पाकीट टपालपेटीत टाकलं. दोनचार दिवसांनी पोस्टमन आमचं टपाल देऊन पुढे चढू लागला. 'अहो, वर कुठे?' हे ओरडले. 'तिसऱ्यावर,' तो धापा टाकत म्हणाला. 'हल्ली तुमचे मजले फार वाढलेत बुवा.' संध्याकाळी दाराखालून माझीच चिठ्ठी आत सरकली. माझ्या ओळीखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'आता?'