घरी परतण्याचा शॉट

“कट,” दिग्दर्शिका म्हणाली, आणि सुताराच्या मिठीतून त्याची लेक बाजूला झाली. बॅग जिन्यातच राहिली होती. दौऱ्यावरून घरी येणारी मुलगी रिकाम्या हातांनी कशी येईल? पुन्हा घ्यावं लागणार होतं. ती सॉरी म्हणाली आणि खाली मान घालून जिना उतरली. सुतारानं दार लावून घेतलं आणि दारामागे उभा राहिला. हातांचं काय करायचं, हे काही त्याला सुचेना.

दार त्यानंच बनवलेलं. याच खोलीत तो रंधा मारायचा आणि बिनआईची पोर भुशात बसून रंध्याच्या तालावर गात असायची. एका गिऱ्हाइकानं ते फोनवर टिपलं, आणि बघता बघता पोर हातची गेली. आता ती सतराची होती. तिला ऐकायला मैदानं भरायची, मुली तिच्यासारखे केस कापून घ्यायच्या, आणि आता तिच्यावर माहितीपट निघत होता. गर्दी, दिवे, किंकाळ्या, सगळं चित्रित झालं होतं. उरला होता तो एवढाच शेवटचा शॉट. मुलगी घरी येते, बाप दार उघडतो, दोघं मिठी मारतात. झालं. मग तिला इथूनच विमानतळ गाठायचा होता.

हे सुताराला आज सकाळी कळलं. त्याला आपलं वाटलं होतं, येतेय तर राहील, दोन घास खाईल, इकडचं तिकडचं बोलेल. कसलं काय! चेहऱ्यावर खरा आनंद दिसायला हवा म्हणून शॉटच्या आधी दोघांची भेटसुद्धा होऊ दिली नव्हती. ती खाली गाडीत, हा वर घरात. तिनंच पाठवलेला नवा फ्रीज चादरीखाली गेला होता, आणि त्याला इस्त्रीचा शर्ट उतरवून कामावरचा मळका शर्ट घालायला लावला होता. तेही त्यानं मुकाट्यानं केलं. शर्टाच्या आत, छातीवर, एक बारका माइक चिकटवला होता. दिग्दर्शिका तशी गोड बोलणारी, पण एक गोष्ट तिनं बजावून सांगितली होती.

“काका, काहीही झालं तरी कॅमेऱ्यात बघायचं नाही. बघितलंत की शॉट वाया गेला.”

सुतारानं तेवढं पथ्य डोळ्यांत तेल घालून पाळलं.

दुसऱ्यांदा ती बॅग घेऊन आली, पण भलत्याच बाजूला उभी राहिली आणि बापाचा चेहराच झाकून टाकला. तिसऱ्यांदा तिला म्हणायचं होतं, बाबा, मी आले. तीन शब्द! डझनावारी गाणी तोंडपाठ असलेल्या मुलीला ते तीन शब्द आठवेनात. त्यानंतर मिठीत शिरताना तिचा गाल नेमका माइकवर दाबला गेला आणि आवाजवाल्यानं कळवळून हेडफोन काढले. छातीवर हात नको, डोकं नको, तिथे माइक आहे, ऐकू येतो तो नुसता खरखराट, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

दरवेळी ती मिठी मात्र अशी घट्ट मारायची की सुताराला श्वास घेणं मुश्कील व्हायचं. लहानपणी काही ती अशी बिलगत नसे. हे सिनेमाचं असणार, असं त्यानं मनाशी म्हटलं. तो स्वतः हात नुसते टेकवल्यासारखे करायचा. तिचे कपडे महागाचे, याच्या नखांत पॉलिश.

कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली होती. मैदानात एका सुराला न चुकणारी ही मुलगी, आज हिला झालंय काय? तिचा मॅनेजर घड्याळ बघत जिन्यात गेला आणि तिथे तिला बोल बोल बोलला. तुझ्याकडून आता एकही चूक नको, हे वरपर्यंत ऐकू आलं. सुताराला सगळं लख्ख कळल्यासारखं वाटलं. पोरीला हे खोटं खोटं करणं जड जातंय. घर सुटलं, बापही सुटला, आता नसलेली माया आणायची तरी कुठून? त्यानं घसा खाकरला.

“बाई, तिला जमत नसेल तर राहू द्या. मिठी नको. मी नुसतं दार उघडतो.”

लेक जिन्याच्या वरच्या पायरीवर आली होती. तिनं ते ऐकलं. ती बॅगेचा पट्टा तेवढा पिळत राहिली. दिग्दर्शिका म्हणाली, मिठीशिवाय शेवट होणार नाही, मिठी मिळेपर्यंत घेत राहू.

दार लागलं. टकटक झाली. सुतारानं दार उघडलं.

या खेपेला सगळं जिथल्या तिथे होतं. बॅग होती, जागा बरोबर होती. “बाबा, मी आले,” ती म्हणाली आणि मिठीत शिरली. आवाजवाल्यानं समाधानानं मान डोलावली. दिग्दर्शिकेचा चेहरा खुलला. मॅनेजरनं खाली गाडी काढायला सांगितली.

तेवढ्यात लेकीचा तळहात सुताराच्या छातीवर सरकला आणि माइकवर घट्ट बसला. तिचे ओठ त्याच्या कानाशी आले.

“बाबा, माझ्या चुका संपल्या. आता तू कर एखादी.”

सुतारानं पॉलिशचे दोन्ही हात तिच्या पाठीवर गच्च आवळले. मग मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.