सहा नंबरचा कागद

“हे खेळणं माझ्या रायफलवर चढवायचं नाही,” हेडमास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. दुर्बिणीसारख्या नळकांड्यातून दिसणाऱ्या लाल ठिपक्याने नेम धरणं ही त्यांच्या मते पोरासोरांची थेरं होती. चाळीस वर्षं त्यांनी नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसवून गोळी मारली होती. निवृत्त झाले ते शाळेतून, नेमबाजीतून नव्हे.

दुकानदार बाई बंदुका दुरुस्त करण्यात मुरलेली होती आणि म्हाताऱ्यांचा ताठा उतरवण्यात त्याहून जास्त. तिने त्यांना माशीवर नजर ठेवायला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात कोणता महिना आहे ते विचारलं. मास्तरांनी ठणकावून चुकीचा महिना सांगितला.

“खाच, माशी आणि निशाणाचा कागद, तिन्हीकडे एकदम बघायला डोळा तरणा लागतो,” बाई म्हणाली. “यातून नुसतं कागदाकडे बघा. ठिपका त्यावर आपसूक दिसेल.”

एरवी मास्तर तिथून उठून गेले असते. पण प्रश्न व्याह्यांचा होता. क्लबचा ज्येष्ठांचा कप व्याह्यांनी सलग तीन वर्षं मारला होता. मास्तर लेकीला भेटायला गेले, की व्याह्यांना नेमकी तेव्हाच त्या कपावरची धूळ दिसायची. गेल्या खेपेला तर लेकही म्हणाली होती, की बाबा, आता पुरे करा. ते त्यांना फार लागलं होतं. शेवटी इंजेक्शन घेताना करतात तसं तोंड फिरवून त्यांनी बाईला ते यंत्र बसवू दिलं.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर पाच नंबरच्या टेबलावर होते आणि व्याही सहावर, दरवर्षीसारखेच. दोघांनाही कमी ऐकू यायचं. टोमणे वाया जाऊ नयेत म्हणून दोघे खुर्च्या एकमेकांकडे तिरक्या करून बसत. पंचांनी यंदाचा नवा नियम वाचला. ज्याचा स्वतःचा कागद कोरा येईल, त्याला पुन्हा कधी या टेबलांवर बसता येणार नाही. दोघेही मोठ्याने हसले. असली माणसं दुसऱ्या क्लबात असतील, असं व्याही म्हणाले, आणि या एका बाबतीत मास्तरांचं त्यांच्याशी एकमत झालं.

मास्तरांनी लांबचा चष्मा चढवला आणि यंत्रातून पाहिलं. समोर काळं वर्तुळ कसं लख्ख दिसत होतं. त्याखालचा आकडासुद्धा दिसत होता. सहा. त्यांनी चष्मा पुसला. तरीही सहाच.

तेवढ्यात व्याह्यांनी पहिली गोळी झाडली. पाच नंबरच्या कागदाच्या पांढऱ्या कडेला भोक पडलं.

मास्तरांना गणित सुटायला वेळ लागला नाही. खुर्च्या तिरक्या, म्हणून नळ्याही तिरक्या. तीन वर्षं ते व्याह्यांच्या कागदावर गोळ्या मारत होते आणि व्याही त्यांच्या. म्हणजे तिन्ही कप खरे मास्तरांचेच होते. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठावं आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात सगळ्यांना सांगावं, असं त्यांना वाटलं.

व्याह्यांनी दुसरी गोळी झाडली. जीभ दातांत धरून, एक डोळा घट्ट मिटून, अगदी मन लावून. तीही पाचावरच. आता मास्तरांनी आपल्या कागदावर नेम धरला, तर सहाचा कागद कोरा राहणार होता. व्याही पिशवी उचलून घरी जाणार होते, कायमचे. मग दर रविवारी सकाळी भांडायचं कुणाशी? इतका असह्य माणूस त्यांना अख्ख्या गावात दुसरा मिळाला नसता. तो आपल्याला हवा आहे हे कळलं, तेव्हा मास्तरांना स्वतःचाच भयंकर राग आला.

“मास्तर, डोळा लागला की काय?” व्याही ओरडले. “हरायला एवढा वेळ लागतो होय?”

“चष्मा पुसतोय,” मास्तर म्हणाले.

मग खुर्ची होती तशीच तिरकी ठेवून त्यांनी लाल ठिपका सहा नंबरच्या कागदाच्या बरोबर मध्यावर आणला आणि व्याह्यांसाठी आयुष्यातल्या सगळ्यात नेमक्या दहा गोळ्या झाडल्या.