मुजावरचं नाव

“मुजावर? मॅडम, त्यानं तर तुमचंच संशोधन खोडून काढलं!” संचालक चकित होऊन म्हणाले.

“खोडून काढलं, म्हणूनच त्याचं नाव सुचवतेय,” डॉ. मंदाकिनी सबनीस म्हणाल्या.

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय पुरस्कारासाठी त्यांच्या संस्थेला देशातल्या कुठल्याही डॉक्टरचं, पण एकच नाव पाठवता येत होतं आणि सगळ्यांनी सबनीसबाईंचंच गृहीत धरलं होतं. मेंदूज्वर झालेल्या मुलांना सुरुवातीलाच औषधाचा मोठा डोस द्यावा, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं होतं. इरफान मुजावरनं मिरजेच्या एका लहानशा रुग्णालयात वर्षानुवर्षं खपून दाखवून दिलं, की थोड्या डोसानं जास्त मुलं वाचतात. यावरून भर परिषदेत दोघांचे खटके उडायचे.

“पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. ही शेवटची संधी आहे,” संचालकांनी आठवण करून दिली.

“माहीत आहे. पण माझ्याच वॉर्डातली मुलं आता त्याच्या डोसावर बरी होऊन घरी जातात. कुठल्या तोंडानं माझं नाव पाठवू?”

शिफारस त्यांनी स्वतः लिहिली. लिहिताना मध्येच डोळे भरून आले, तेव्हा चष्मा पुसला आणि पुढचं वाक्य लिहिलं.

पुरस्कार मुजावरला मिळाला. शिफारस कुणाची होती ते कळल्यावर तो पेढे घेऊन थेट त्यांच्या दारात आला. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात देत त्यानं विचारलं,

“मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. अजूनही वाटतंय,” त्या म्हणाल्या. “आत ये. चहा टाकते.”