रूबार्बच्या पानातली पुरचुंडी

विनिफ्रेडने लेट्यूसवरची बिनशंखाची, बुळबुळीत गोगलगाय उचलली आणि सवयीने भिंतीपलीकडे भिरकावली. मग तिला आठवलं, शेजारचा नॉरिस हिवाळ्यातच वारला.

उभा जन्म दोघं एकमेकांच्या बागेत गोगलगायी टाकून भांडले. नॉरिस त्या आपल्या बागेतल्या रूबार्ब नावाच्या भाजीच्या रुंद पानात बांधून परत फेकायचा, वर ओरडायचा, "विने, तुझी पोरं सांभाळ की गं!"

"आई, पुरे झाली ही बाग. लीड्सला माझ्याकडे राहायला चल," दारातून तिची मुलगी ज्युडिथ म्हणाली.

विनिफ्रेडने खुरपं पुसलं. भांडायलाच कुणी नाही, तर बाग तरी कशाला?

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला.

वाफ्यात हिरवी पुरचुंडी पडली होती. पान ताजं, आत गोगलगाय.

विनिफ्रेड स्टुलावर चढून भिंतीपलीकडे डोकावली. नॉरिसच्या बागेवर नव्या मालकाने नुकतंच सिमेंट ओतलं होतं. तिथे ना माणूस, ना रूबार्बचं एक पान.

"ज्युडिथ, मी कुठेही येत नाही," ती म्हणाली. तिने बाह्या सरसावल्या आणि पुरचुंडी जोरात पलीकडे भिरकावली. "ही घे तुझीच लेक, म्हाताऱ्या!"

ती कान देऊन उभी राहिली.

पलीकडे सिमेंटवर काहीच पडलं नाही.