अर्थांची उजळणी

"परत म्हणा, बाबा," लेक म्हणाली. "डॉक्टरांसमोर अडखळायचं नाही."

दवाखान्याच्या बाकावर कोशकारांनी पुन्हा ओठ हलवले. एके काळी ते लेकीची उजळणी घ्यायचे. आता उलटी गंगा वाहत होती.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. नकारी उपसर्गाने सुरू होणारे अनवट शब्द तर सगळे त्यांच्याच वाट्याचे. "ह्यांचं तोंड उघडलं की आधी नकार बाहेर पडतो," असं त्यांची बायको हयात असताना म्हणायची. खोटं नव्हतं ते. घर विकायलाही त्यांनी लेकीला साफ नाही म्हटलं होतं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एकदा बाजारातून परतताना ते रस्ता चुकले. तरण्या माणसाचं हसण्यावारी नेतात, म्हाताऱ्याला ते महागात पडतं. डोकं शाबूत असल्याचा दाखला मिळाला तर घराचे निर्णय त्यांचेच राहणार होते. नाही मिळाला, तर ते निर्णय लेकीच्या हाती जाणार होते.

"मला कुठे हवीय ही डोकेदुखी?" लेक येईल-जाईल त्याला सांगायची. संध्याकाळी चहा झाला की जुना कोश घेऊन वडिलांशेजारी बसायची. एकेक शब्द काढायची, अर्थ घोकून घ्यायची. कोशकार क्षणभर तिच्याकडे बघत, मग निमूट तिच्यामागून म्हणत.

"मी सांगते तसंच म्हणा," ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगे, "म्हणजे तुम्हाला वृद्धाश्रमात जावं लागणार नाही."

लेक असावी तर अशी, असं शेजारीपाजारी म्हणत.

डॉक्टरांनी आत बोलावलं. आधी वार विचारला. तो चुकला. "माझाही चुकतो," डॉक्टर हसून म्हणाले.

"त्यांना त्यांचे शब्द विचारा ना," लेकीने पिशवीतून कोश काढून दिला. "झोपेतून उठवलं तरी सांगतील."

तिने खुणा घातलेली पानं डॉक्टर एकेक उघडू लागले. "इम्पिक्युनियस?"

"गर्भश्रीमंत," कोशकार ताबडतोब म्हणाले.

डॉक्टरांनी पानावर पाहिलं. तिथे 'कफल्लक' असं छापलं होतं.

"इनएक्झोरेबल?"

"लगेच पाझरणारा."

'कितीही विनवलं तरी न द्रवणारा,' असं पान म्हणत होतं. डॉक्टरांचा आवाज उतरला. "डिसिन्जेन्युअस?"

कोशकारांनी लेकीकडे पाहिलं. "मनाने निर्मळ," ते म्हणाले. "निष्कपट."

डॉक्टरांनी छापलेला अर्थ मनात वाचला, 'साळसूदपणाचा आव आणणारा', आणि कोश मिटला. "विद्यार्थी असताना मी ह्याच कोशावर इंग्रजी शिकलो," ते म्हणाले. "फार वाईट वाटतं." दाखला देता येणार नाही, घराचं आता तुम्हालाच बघावं लागेल, असं त्यांनी लेकीला हळू आवाजात सांगितलं. तिने डोळ्यांना रुमाल लावला.

बाहेर आल्यावर तिने वडिलांच्या स्वेटरची बटणं लावली. कॉरिडॉरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. कोशकारांनी तिचा हात घट्ट धरला.

"खरे अर्थ ओठांवर येत होते, ते गिळले. तू शिकवलेले खोटेच म्हटले, सगळे," ते म्हणाले. "आता नाही ना पाठवणार मला तिथे?"