मोबाइलमधला गहू

"जावई दिवसभर मोबाइलवर कसले भाव बघतात, विचार एकदा," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

गहू इतका महागला, की बाळाच्या लापशीत मी पीठ कमी आणि पाणी जास्त घालू लागले. साठेबाजांना शिव्या घालताना नवऱ्याचा आवाज माझ्याहून चढा असायचा.

आज गारपिटीने उभा गहू आडवा झाल्याची बातमी लागली आणि त्याने बाळाला उचलून नाचवलं. "आता बघ भाव कसा चढतो! मोबाइलवरच हजार पोती घेऊन ठेवलीत, दाणाही घरी आणावा लागत नाही, भाव चढला की तिथेच विकून टाकायची. आपल्या सोन्यासाठीच गं सगळं!"

सोन्या खिदळत होता. मी त्याला नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं.



आमच्या सोन्याचं भागेल हो. तुमच्या शेजारी लहान मूल असेल, तर ते काय जेवलं, जरा बघून याल?